जड गाडीचं लायसन

अहो,

'प्रिय' वगैरे लिहायची आपल्यात रीत नव्हती, म्हणून ज्या हाकेला तुम्ही ओ द्यायचात तीच लिहिते. सातवी पास झालेली बायको करून आणलीत आणि उभ्या संसारात तिचं एक पत्र तुम्हाला गेलं नाही. जाणार कसं? लॉरी घेऊन कुठेही गेलात तरी दिवेलागणीला घरी हजर. आता लांब गेलात, तेव्हा लिहिणं आलं.

आज वामन भाऊजी ठाण्याहून आले. लायसनचं छोटं पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि पाणीसुद्धा न पिता मागल्या दारानं वाडीत निघून गेले. मी उघडून बघितलं. जड मालवाहू गाडी चालवायची परवानगी, खाली सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. उद्या सकाळी आपली लॉरी पुन्हा बाहेर पडणार आहे, आणि तुमचा धाकटा भाऊ ती चालवणार आहे.

गावात हे फारसं कुणाला रुचलेलं नाही. ज्याच्या हातून नवरा गेला त्याच्याच हातात तीच गाडी देते, हिचं डोकं फिरलंय, असं आगाशीच्या बाजारात मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलतात. बोलू देत. माझं डोकं चांगलं ठिकाणावर आहे. पण गाडी तुमची होती, तेव्हा ती निघण्याआधी तुम्हाला सगळं सांगायला हवं. आणि त्याच्याही आधी मला तुम्हाला एक विचारायचं आहे.

त्या दिवशी तुम्ही चाक भाऊजींच्या हातात का दिलंत?

अंगात ताप होता तुमच्या. कपाळाला हात लावला तर चटका बसला मला. नका जाऊ म्हटलं. तुम्ही म्हणालात, "केळीचे घड कापून झालेत. भिवंडीचा व्यापारी वाट बघतोय. लोकांना शब्द दिलाय मी." लोकांना दिलेला शब्द तुम्हाला नेहमी पाठ असायचा. उठलात, तोल गेला, भिंत धरलीत. मग भाऊजींना हाक मारलीत, आणि लॉरीला वळसा घालून डाव्या दारानं चढलात. डाव्या दारानं चढताना मी तुम्हाला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "वामन चालवल?"

"लायसन आहे त्याच्याकडे," तुम्ही म्हणालात.

झालं. आमचं दोघींचं समाधान झालं. आमच्या डोक्यात बैलगाडी होती ना! बैलगाडीला पट्टी भरल्याचा बिल्ला ठोकला की ती कुणीही हाकावी, सासऱ्यानं हाकावी नाहीतर जावयानं, कोण विचारतो? अख्ख्या आळीला वाटायचं की लायसन म्हणजे मोटारीचा बिल्ला, घरात एक असलं की पुरे. भाऊजींचं लायसन विरारच्या डॉक्टरांची मोटार चालवण्यापुरतं होतं. डॉक्टरांना मागे बसवून राजोडीपर्यंत पेशंट बघायला न्यावं आणि आणावं, एवढंच त्यावर चालत होतं. केळीच्या घडांनी भरलेली लॉरी घेऊन उतार उतरायची मुभा त्यात नव्हती. हे मला माहीत नव्हतं, आईंना नव्हतं, भाऊजींनाही नीटसं नव्हतं. तुम्हाला मात्र होतं. तुमचं स्वतःचं लायसन जड गाडीचं होतं आणि त्यासाठी ठाण्याला किती हेलपाटे घातलेत ते मी बघितलं आहे. मग?

हा राग मी मनात ठेवून होते. आज कागदावर आला, जरा बरं वाटलं.

पुढचं लोकांना ठाऊक आहे तेवढंच मलाही ठाऊक होतं. पारोळच्या पुढे जो उतार लागतो, तिथे लॉरी ताब्यात राहिली नाही. खाली वळणावर डाव्या हाताच्या दरडीवर आदळली. तुम्ही स्टेअरिंगवर पालथे सापडलात आणि भाऊजी वर रस्त्यात, खरचटलेले, पण जिवंत. लोकांनी आपसांत ठरवून टाकलं की वामननं उडी मारली आणि धक्क्यानं तुम्ही डावीकडून उजवीकडे फेकले गेलात. भाऊजींनी कुणाला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

कोर्टात केस झाली. मी साक्षीला उभी राहिले. "चाक आमच्याच माणसानं दिलं, माझ्या डोळ्यांदेखत दिलं," असं सांगितलं. भाऊजींची कैद टळली. दंड झाला, लायसन काढून घेतलं आणि बऱ्याच काळासाठी गाडी चालवायची मनाई झाली. वकिलांचं सगळं इंग्रजीत चाललं, लायसनचं नेमकं काय चुकलं ते आम्हाला कळलंच नाही. कोर्टातून घरी आलो तर आईंनी भाऊजींकडे पाठ फिरवली. "भावाला गाडीत टाकून उडी मारली ह्यानं," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांच्याशी एक शब्द नाही. पोटचा मुलगा, एकाच आवारात, आणि ताट वाढायचं ते मी.

भाऊजींचं काय झालं होतं ते तुम्ही बघायला हवं होतंत. डॉक्टरांची नोकरी गेलीच. वाडीत रहाटाजवळच्या खोपीत राहायला लागले. बैल जुंपायचे, केळींना पाणी सोडायचं, आणि गप्प. विरारला काही काम निघालं तर चालत जायचे. शेजारून बस गेली की रस्ता सोडून शेतात उतरायचे. मी एकदा म्हटलं, बसमध्ये तरी बसत जा. म्हणाले, "नको वहिनी, आवाज सहन होत नाही." तुमच्या मागे माझ्याकडे हा एक माणूस राहिला होता आणि तोही हळूहळू संपत चालला होता. मला भीती वाटायची ती त्याची. लॉरीचं काय, लोखंड ते.

लॉरी विरारला ठोकून-ठाकून सरळ करून आणली आणि फणसाखाली उभी केली. कोंबड्यांना बरं झालं. तुमच्या सीटवर एक खुडूक बसायची. तिला हाकलायला गेलं की माझ्यावरच धावायची.

शेवटी मी गाडी विकायचं ठरवलं. किंमत सांगायला गासचा इनास ड्रायव्हर आला. तुम्ही ओळखता त्याला. लढाईत ब्रह्मदेशापर्यंत मिलिटरीचा ट्रक हाकून आलेला, आता विरार-आगाशी बस चालवतो. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, खुडूक कोंबडीची शिवी खाल्ली, आणि मग मला विचारलं, "बाय, त्या दिवशी कोण चालवत होता?"

"माझे दीर. लायसन होतं त्यांच्याकडे."

"कसलं लायसन?"

"कसलं म्हणजे? मोटारीचं."

तो फूटबोर्डावर बसला. मग म्हणाला, "मोटारीचं वेगळं आणि ह्या गाडीचं वेगळं, बाय." मी म्हटलं, समजावून सांग. मग त्यानं सांगितलं. स्वतःची मोटारगाडी चालवायची ते एक. तीच मोटार पगार घेऊन चालवायची तर लायसनावर तसं लिहून घ्यावं लागतं. पाववाल्याची छोटी व्हॅन असते तिचं आणखी निराळं. मालाची हलकी गाडी निराळी, जड गाडी निराळी. माणसं भरायची असतील तर आणखी बॅज, तो त्याच्या छातीवर होताच, तो त्यानं बोटानं वाजवून दाखवला.

"आणि रोडरोलर?" मी चिडून विचारलं.

"त्याचं पण वेगळं."

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. खरंच वेगळं असतं म्हणे.

मग मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, "म्हणजे विड्याच्या पानांचे करंडे भरले तर हलकी, आणि घड भरले तर जड, असंच ना?" इनास हसला. म्हणाला, "आगाशीत सगळे हेच विचारतात. तू काय भरतेस ते सरकार बघत नाय. गाडीच्या आसावर किती वजन धरलंय ते बघतात. ही रिकामी उभी असली, हिच्यात कोंबडी बसलेली असली, तरी जडच."

"एवढं कशाला पण? चाक तेच, ब्रेक तोच."

"तेच नाय ना, बाय." आता तो गंभीर झाला. "मोटारवाल्याला सवय असते, उतार लागला की गियर काढायचा आणि मोटार सोडून द्यायची. पेट्रोल वाचतं. ब्रेक दाबला की मोटार उभी राहते. भरलेली लॉरी नाय राहत. ब्रेक तापतो आणि सुटतो. मग गियर टाकायला जावं तर ह्या जुन्या गाडीत तो उतारावर पडत नाय, दातांवर दात घासतात नुसते. क्लच दोनदा दाबून डबल क्लच मारायला लागतो आणि तोही हात बसलेला असेल तर. आम्हाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, ज्या गियरनं चढशील त्याच गियरनं उतर. मोटारीच्या परीक्षेत हे कोण विचारतो?"

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावलं आणि रडले. तुम्ही गेलात तेव्हा इतकी रडले नव्हते. म्हणजे भाऊजींचा हात वाईट नव्हता. ते बेफिकीर नव्हते, भित्रे नव्हते, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. डॉक्टरांच्या मोटारीत जे बरोबर, तेच त्यांनी लॉरीत केलं. एवढ्यासाठी एक माणूस मातीत गेला आणि दुसरा खोपीत. मी तोंड धुतलं, बाहेर आले आणि गाडी विकायचा विचार सोडून दिला.

आईंना सांगितलं, भाऊजी जड गाडीचं लायसन काढणार आणि आपली लॉरी चालवणार. आई हातातलं सूप ठेवून उठल्या. "मना पहिली मार," म्हणाल्या, "आणि मग त्याला चाकावर बसव."

"तुम्हाला कशाला मारू? मारायचं तर अज्ञानाला मारते," मी म्हटलं. आता लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा तोंडातून असंच पुस्तकी निघालं. सातवी पास ना मी!

भाऊजींना पटवणं त्याहून अवघड. मी खोपीसमोर जाऊन बसले.

"वहिनी, मी बैल हाकीन. मोटारीला हात लावणार नाही."

"बैल हाकायला गडी मिळतो."

"लोक काय म्हणतील?"

"आता काय म्हणतात ते फार गोड आहे का?"

मग मी आवाज खाली आणला. म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला येत नव्हतं म्हणून ते घडलं. आता शिकलात तर येईल. नाही शिकलात तर जन्मभर त्या उतारावरच राहाल. मला माझ्या घरात तसा माणूस नको." बैल रहाटाभोवती एक फेरी पुरी करून आले, तरी ते खाली बघत होते. मग म्हणाले, "इनास शिकवील का?"

मनाईची मुदत संपल्यावर इनासनं शिकवलं. आधी हलकी मालगाडी, मग आपली. सुट्टीच्या दिवशी चर्चमधली मास आटोपून तो सायकलवर यायचा. पहिल्या दिवशी भाऊजी चाकावर बसले, पण इनासनं गाडी सुरूच करू दिली नाही. नुसतं बसवून ठेवलं. इंजिन सुरू करायचं हँडल मारायला मी शिकले, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. तुम्ही मला बॉनेटला हात लावू देत नव्हतात, मनगट मोडेल म्हणून. नाही मोडलं.

आणि मग तो उतार. इनास म्हणाला, परीक्षेला जायच्या आधी एकदा तिथे जायला पाहिजे. लॉरीत रेती भरली. मधे इनास, डाव्या दाराशी मी. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही नका येऊ." मी म्हटलं, "मी त्याच जागेवर बसणार आहे. चालवा."

उताराच्या माथ्यावर त्यांनी गाडी जवळजवळ उभी केली, डबल क्लच मारून खालचा गियर टाकला, आणि गाडी गुरगुरत, संथ, बैलाच्या चालीनं खाली उतरली. ब्रेकवर पाय नुसता टेकलेला. मी दाराची दांडी धरून बसले होते. सगळा उतार तुमच्या जागेवरून दिसतो हो. वळण दिसतं, दरड दिसते, आणि तिथे बसलेल्या माणसाच्या पायाशी काहीच नसतं. ब्रेक नाही, क्लच नाही. एवढे तापलेले तुम्ही तिथे बसून काय करत होतात, हे मला प्रथमच विचारावंसं वाटलं.

खाली सपाटीवर गाडी थांबली. इनास रेडिएटरला पाणी आणायला ओढ्यावर गेला. भाऊजींनी चाकावरचे हात काढले नाहीत. समोर बघत बोलले, "वहिनी, मी उडी मारली नव्हती."

मी दाराची दांडी सोडली आणि त्यांच्याकडे वळले.

"गियर पडेना. ब्रेक पार खाली गेला. मी ओरडलो. दादा तोवर ग्लानीत होता, तो जागा झाला. एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडे. माझ्या अंगावरून वाकून दार उघडलं आणि लाथेनं मला बाहेर ढकललं. चाक त्यानं घेतलं. खाली ओढ्यावर बायका धुणं धूत होत्या. त्यानं गाडी दरडीवर घातली."

"हे कोर्टात का नाही सांगितलंत? आईंना का नाही?"

"काय सांगू? मेलेल्या माणसाच्या नावावर आपला जीव वाचवतोय, असंच म्हणाले असते. आणि दार उघडल्यावर मी त्याचा हात धरून ठेवायला हवा होता. नाही धरता आला."

अहो, मी तुमच्यावर किती रागावले होते. चाक का दिलंत, चाक का दिलंत, रोज तेच. तुम्ही तर ते परतही घेतलं होतंत. ताप होता, वळण समोर होतं, ब्रेक नव्हता, आणि तरी कुणाला बाहेर ढकलायचं आणि गाडी कुठे घालायची हे तुम्हाला क्षणात कळलं. त्या उताराच्या शेवटाला लॉरी जड लायसनवालाच चालवत होता. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नाही असं व्हायला नको, म्हणून मी त्याच दिवशी घरी येऊन आईंना सांगितलं. शब्दन् शब्द. आई ऐकत होत्या. उठून देवाजवळ दिवा लावला आणि तिथेच बसून राहिल्या.

परीक्षा एका झटक्यात झाली असं समजू नका. पहिल्या खेपेला साहेबानं चढावर गाडी थांबवायला सांगितली आणि पुन्हा सुरू करताना ती थोडी मागे आली. परत पाठवलं. गावाला आयताच विषय मिळाला. भाऊजी दुसऱ्या दिवसापासून शिरसाडच्या चढावर तेच करत बसले, थांबव, चालव, थांबव, चालव. मला त्यांचा अभिमान वाटला. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, डोक्यावर बसतील. तुम्हाला सांगते.

आणि आज दुसऱ्या खेपेला पास झाले.

ते वाडीत निघून गेले असं वर लिहिलं ना, त्याच्या पुढचं आता लिहिते. मी ताट वाढायला घेतलं. आईंनी माझ्या हातातून ते काढून घेतलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, वर लिंबाची फोड. लुगड्याचा पदर खोचला आणि एकट्या वाडीत गेल्या. मी मागोमाग गेले नाही, पण मागल्या दारातून खोपी दिसते, तेव्हा बघायचं ते बघितलं. भाऊजी उठून उभे राहिले. आईंनी ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "वामन, जेवून घे. उद्या लवकर निघायचं ना तुला?"

केवढ्या काळानंतर त्यांच्या तोंडून ते नाव आलं. भाऊजी तिथेच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. भाकरी गार झाली. मी दुसरी टाकली.

आता माझा राग बराचसा गेला आहे. थोडा आहे, तो राहू दे. चाक परत घेतलंत म्हणून तुम्हाला नमस्कार करते, पण ते द्यायलाच नको होतंत, हे माझं म्हणणं मी मागे घेणार नाही.

म्हणून हा शब्द देते, आणि तुमच्यासारखा लोकांना नाही, तुम्हालाच देते. ह्या लॉरीच्या चाकावर ज्याचं लायसन हिच्या जातीचं असेल तोच बसेल, मग तो घरचा असो की बाहेरचा. आणि भाऊजींच्या अंगाला जरा जरी कढत लागलं, तर त्या दिवशी गाडी फणसाखालून हलणार नाही. घड कापलेले असू देत, व्यापारी वाट बघत असू दे, दिलेला शब्द मोडला तर मोडू दे. केळी कुजतील. कुजू देत.

तुमची,
सुमती